फॉरमॅटकाका

सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकची कुठलीही सोसायटी घ्या. रविवारी सकाळी अख्खं शहर मिसळीच्या रांगेत उभं असतं, तेव्हा तळमजल्यावर एक गृहस्थ बनियनवर बसून पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना पाहत असतात. हे फॉरमॅटकाका. उभा जन्म अंबडच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला गेला. निवृत्तीनंतर तपासायला पार्ट उरले नाहीत, तेव्हा काकांनी ऑपरेटिंग सिस्टिम धरल्या.

उबुंटूच्या सीडी एके काळी टपालाने फुकट घरपोच येत. २०११ साली ते बंद झालं. काकांकडच्या त्या सीडी आता गॅलरीत दोऱ्याला लटकून कबुतरं हाकलतात. पेन ड्राइव्हशी काकांचं जमत नाही. "सिस्टिमची आयएसओ फाइल हार्ड डिस्कवर आहे ना? मग तिथूनच चालवायची!" संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'लूपबॅक'च्या चार ओळी लिहिल्या, की संगणक त्या फाइललाच सीडी समजून सुरू होतो. मेख एकच. फाइल ज्या पार्टिशनवर आहे तेच पुसायला काढलं, की इन्स्टॉलर अडून बसतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायला तो काही शेखचिल्ली नाही. म्हणून आयएसओंना वेगळं पार्टिशन. त्याचं नाव 'देवघर'. तिथे फॉरमॅट निषिद्ध.

फाइल उतरली, की चेकसम. ही चौसष्ट अक्षरांची माळ संगणक एका कमांडमध्ये जुळवून देतो, पण काकांना ते मंजूर नाही. "ज्याची तपासणी, त्यानेच शिक्का मारायचा?" मग काका पडद्यावरून एकेक अक्षर वाचतात आणि काकू कागदावर बोट ठेवून ताडतात. फाइलीत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी सगळी माळ बदलते. हे ज्ञान काकूंना अनुभवाने झालेलं असल्यामुळे पहिली पाच अक्षरं जुळली, की "जुळलं हो!" म्हणून त्या कुकरकडे जातात. काका उरलेली एकोणसाठ भिंतीला ऐकवतात.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. आल्या-गेल्याला काका ते अभिमानाने दाखवतात आणि इंग्रजी निवडतात. "एरर आली तर शोधायला बरं पडतं."

पुढे परीक्षा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि शेवटी मराठी टायपिंग. 'त्र्यंबकेश्वर' आणि 'दऱ्याखोऱ्या' हे दोन शब्द न मोडता उमटले, की काका म्हणतात, "पास." आणि लगेच सगळं पुसून टाकतात. पास झालेला पार्ट तपासनीस घरी ठेवत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि काकांची दिवाळी आठवडाभर आधीच आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते सोसायटीतल्या जुन्या लॅपटॉपांत कुठून असणार? सेक्रेटरी आपला लॅपटॉप घेऊन आले. त्यांना फक्त मेंटेनन्सची बिलं छापायची होती.

"काका, झाला का?"

"मिंट बसलं. छान चालतंय."

"मग नेऊ?"

"छे! आता फेडोरा बघतोय."

त्या महिन्याची बिलं सेक्रेटरींनी हाताने लिहिली.

काका स्वतः मात्र विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं मोबाइलवर उरकतात. पुतण्याने एकदा विचारलंच, "काका, एवढ्या सिस्टिम बसवता, वापरता कोणती?" काका त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "वापरायला लागलं की बिघडतं, बाळा."

निकाल ते नोंदवतात मात्र काटेकोर. तारीख, आवृत्ती, लागलेला वेळ, पास की नापास. त्यासाठी लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही आहे. आत सुवाच्य अक्षर, प्रत्येक नोंदीखाली सही.

"हे कॉम्प्युटरवर का नाही ठेवत?"

"कॉम्प्युटरचा काय भरवसा?" काका म्हणाले. "कधी फॉरमॅट होईल, सांगता येतं का?"