सुलतानपूरला दोन मिनिटं

(प्रकाश येतो. रंगमंचावर एक लाकडी खुर्ची, पाण्याची बाटली आणि वायर लोंबणारा माइक. गुरुजी येतात. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात चार घड्यांचा कागद. माइकवर टिचकी मारतात. आवाज नाही.)

बंद आहे? असू द्या. मला सवय आहे.

नमस्कार मंडळी. मी सुलतानपूरचा. उत्तर प्रदेशातलं नव्हे हो. तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा. आमचं गाव तुम्ही पाहिलेलं आहे. (पहिल्या रांगेतल्या एकाला) हो, तुम्ही! लोणारचं सरोवर बघायला गेला होतात ना? जालना झालं, सिंदखेडराजा झालं, मग एका फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी उजवीकडं घेतली. तुमची मान कलंडली. तुम्ही झोपेतच विचारलं, "आलं का लोणार?" तो म्हणाला, "नाही, सुलतानपूर." तुम्ही पुन्हा झोपलात.

तेच आमचं गाव. देशोदेशीची माणसं आमच्या गावात वळतात. उतरत कोणी नाही.

तर आमची एक भाची असते कार्डिफला. वेल्सची राजधानी. तिनं व्हॉट्सॲपवर तिथल्या एका सहलीचा कार्यक्रम धाडला. निवृत्त म्हातारेकोतारे एका मोठ्या बसमध्ये बसतात, हिरवे डोंगर बघतात, पडका किल्ला बघतात, बाजारपेठेच्या जुन्या गावात उतरून चहा पितात, आणि परत बसमध्ये बसून मेंढ्या बघतात. वेल्समध्ये माणसं तीस लाखांच्या घरात आणि मेंढ्या त्याच्या तिपटीच्या आसपास. तेव्हा बघायला मेंढ्याच जास्त.

आमच्या मंडळी बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी हे बैठकीत वाचून दाखवलं. खजिनदारीणबाईंनी चष्मा वर केला.

(खजिनदारीण) "मेंढ्या पाह्याचे पैसे घेतात?"

मी म्हटलं, "घेतात."

"आपण तं धनगराले वावरात बसवायचे देतो."

"हो."

"म्हंजे मेंढरापायी पैसे द्यायचेच हायेत. मंग आपल्याकडं निदान खत तरी भेटते!"

ठराव पास. सहल आपल्याच जिल्ह्यात. पन्नास सीटची ट्रॅव्हल्स ठरली. बाया चाळीसेक, ड्रायव्हर एक आणि 'माहिती सांगायला' म्हणून मी. लक्ष्मण देशपांडे सरांनी एकट्यानं अख्खं वऱ्हाड लंडनला नेलं. मला एक गाडी लोणारला न्यायची होती. अंतर बारा-तेरा किलोमीटर.

(कागद उघडतात.) मी टिपणं काढली. सनावळ्या, मोजमापं, सगळं. झाकटीत गाडी सुटली. मी माइक हातात घेतला, "भगिनींनो..." आणि ड्रायव्हरभाऊनं लावलेलं गाणं बंद पडलं. त्याचं एकच मशीन, गाणं तरी वाजेल नाहीतर माइक तरी. मागून आवाज आला, "गुरुजी, गाणं काहून बंद केलं?" मी माइक ठेवला. गाव ओलांडायच्या आत पहिला डबा उघडला. दशम्या. मग ठेचा. ठेचा उघडल्यावर बंद काचांच्या गाडीत इतिहास टिकत नाही, मंडळी. ड्रायव्हर शिंकायला लागला.

लोणार. सरोवराच्या काठावर मी सगळ्यांना उभं केलं. (शाळेच्या आवाजात) "१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली."

(एक आजी) "त्याच्या आंधी कोनाले दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं आजी. नोंद त्यानं केली."

"अन् हे खाली कमळजामायचं देऊळ हाये, ते का त्यानं बांधलं?"

मी पुढं सरकलो. "आकाशातून उल्का आली, बेसॉल्टच्या कातळावर आदळली आणि हे विवर झालं. काठापासून काठापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर आठशे मीटर. २०२०च्या जूनमध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं."

चाळीस माना माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, जमलं!

"गुलाबी कोनता गुरुजी? रानी का फिक्का?"

आता काय सांगू? नागपूर-पुण्याच्या संस्थांनी नमुने तपासले, खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले, त्याच वर्षी सरोवराला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. हे सगळं माझ्या कागदावर आहे. पण रंग रानी की फिक्का, हे कोणत्याच अहवालात नाही. तिथं दोन गट पडले. साडीचा पदर हातात धरून, उन्हात धरून, सावलीत धरून चर्चा! शेवटी मी हुकमी पान टाकलं. "ऐन-इ-अकबरीत लिहिलंय, या तळ्यातून साबण करायचं सामान निघायचं!"

सन्नाटा. मग आमच्या मंडळी हळूच म्हणाल्या, "हे घरी सांगायचं व्हतं न. धुनं आनलं असतं."

(पाणी पितात.)

आता भूगोल ऐका, कारण पुढचं सगळं रामायण भूगोलामुळं झालं. लोणारहून सिंदखेडराजाला जायचं तर चांगला रस्ता कोणता? सुलतानपूरवरून! म्हणजे पहाटे ज्या गावातून थाटामाटात निघालो, ओवाळून घेतलं, नारळ फोडला, त्याच गावात दोन-तीन तासांनी गाडी परत हजर. फाटा दिसला आणि मागून आरोळी, "भाऊ, दोन मिनिटं थांबव रे!"

एकीला म्हशीला पाणी दाखवायचं होतं. एकीला गॅस बंद केला की नाही ते बघायचं होतं. दोघी-तिघी उतरल्या. मला काय वाटलं असेल सांगा! जगाच्या इतिहासात पहिल्यांदा एक टुरिस्ट गाडी सुलतानपूरला 'पॉइंट' म्हणून थांबली होती. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं.

त्यातल्या एक वहिनी घरात गेल्या. त्यांचे यजमान, नाव नाही घेत, आयुष्यात कधी स्वयंपाकघरात गेले नाहीत. साखरेचा डबा डोळ्यासमोर असला तरी "साखर कुठी हाये वं?" विचारणारा माणूस. वहिनी मागच्या दारानं शिरल्या, तर हे गृहस्थ धोतराचा सोगा खोचून चुलीपाशी! कढईत तेल तापलेलं. डाव्या तळहातावर ओवा घेतलाय, उजव्या अंगठ्यानं चोळताहेत. (चोळून दाखवतात.) बेसनात टाकला. बोटानं एक थेंब तेलात सोडून पाहिला, वर आला, मान हलवली, मग मिरची देठाला धरून बुडवली, कढईच्या कडेला निथळवली आणि अलगद सोडली. हे कसब एका दिवसात येत नाही, मंडळी! ओसरीवर चार दोस्त ताटल्या घेऊन बसलेले.

वहिनी ओरडल्या नाहीत. दोन भजी उचलली, पदरात बांधली आणि गाडीत येऊन बसल्या. गाडीत भजी फिरली. पुरावा म्हणून. एकीनं तुकडा तोडला, चावला, डोळे मिटले.

"माय! माह्यापेक्षा चांगलं केलं मेल्यानं!"

एक क्षण शांतता. आणि मग अख्खी गाडी उतरली. चाळीस बाया चाळीस घरांकडं. त्या दिवशी सुलतानपुरात काय काय उघडकीला आलं, विचारू नका. एका घरात सासरे सुनेला चहा करून देत होते. एका घरात दम्याचे पेशंट विडी ओढत होते. एका आजोबांना गुडघ्यामुळं उठता येत नाही म्हणतात, ते माळ्यावर चढून लाडूंचा डबा काढत होते. मी गाडीत एकटा. ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, तुमचं बरं हाये, तुमी गाडीतच सापडता."

गाडी पुन्हा भरली तेव्हा डोकी मोजली. तीन जास्त निघाली. नातवंडं होती. उतरवायला गेलो तर रडारड, राहू दिली.

सिंदखेडराजाला मला माइक लागला नाही. आमच्या गाडीत दोघी तिथल्या माहेरवाशिणी. त्यांनी ताबा घेतला. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात, १२ जानेवारी १५९८ला जिजाऊ जन्मल्या त्या जागेपाशी, सगळ्यांनी पदर सावरले. मी फक्त एवढं सांगितलं, की १६२९च्या जुलैत निजामशहानं देवगिरीच्या किल्ल्यावर दगा केला आणि लखुजीराव, दोन मुलगे, नातू, सगळे एकाच वेळी मारले गेले.

मघाचीच आजी. बोटांची पेरं मोजत होती.

"शिवाजी महाराज फेब्रुवारीतले न?"

"हो. १६३०."

"म्हंजे तवा दुसरा-तिसरा महिना व्हता पोरीले." थोडं थांबली. "अन् माहेर संपलं."

(पॉज.) इतिहासाच्या कोणत्या पुस्तकात हा हिशेब आहे, मला दाखवा.

देऊळगावराजाला बालाजीचं दर्शन. चिखलीला चहा. बास, पुढं!

रात्री शेगाव. दिवसभर मी ओरडत होतो, "रांगेत चला, रांगेत चला." कोणी ऐकलं? सकाळी दर्शनबारीत एक सेवाधारी पोरगा हात जोडून फक्त म्हणाला, "माउली, एकेक करून." चाळीस बाया एका ओळीत! कुजबुज नाही. मी आमच्या मंडळींना म्हटलं, "मी पण तर हेच सांगत होतो." त्या म्हणाल्या, "तुमी माउली म्हटलं का कधी?" परतताना कचोरी झाली. मी कचोरीवर बोलणार नाही, अजून डाव्या बाजूला आहे ती.

आणि मग खामगाव! खरं बाजारपेठेचं गाव. भाचीच्या वेल्सवाल्यांनी यावं आणि बघावं. मी जिन्याच्या पायरीवर उभा राहून सांगितलं, "अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस तुटला, म्हणून इंग्रजाला वऱ्हाड आठवलं. कापसासाठी जलंबहून खामगावला रेल्वे आणली. जेमतेम बारा-तेरा किलोमीटर! आणि १८७०ला तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला."

खजिनदारीणबाई: "कापूस आपला?"

"आपला."

"अन् भाव कोन ठरवे?"

"लिव्हरपूलचा बाजार. आपल्या भाचीच्या वेल्सच्या जवळच आहे."

"म्हंजे तवापासूनच आपला भाव दुसराच ठरवू राह्यला म्हना की." आणि त्या चांदीच्या दुकानात शिरल्या.

खामगाव म्हणजे चांदी. जोडव्यांचा एक जोड काट्यावर ठेवला. दुकानदारानं आकडा वाचायला तोंड उघडलं, तोच बाईंनी बोट वर केलं.

"पंखा बंद कर आंधी. काटा हालू राह्यला."

त्यानं पंखा बंद केला. बाईंनी स्वतः श्वास रोखला. आजूबाजूच्या दहा जणींनी रोखला. आकडा थोडा खाली आला. बाईंनी पर्समधून गटाचं पासबुक ठेवायची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी, तिच्यातून रुमाल. लिव्हरपूलला त्या काळी आमच्या एक खजिनदारीणबाई पाठवायला हव्या होत्या.

तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल. "मामी, कशी चाललीय ट्रिप? आमच्याकडं नुसता पाऊस!"

मंडळींनी फोन हातात घेतला. "पाऊस राहू दे. तुमचे म्हातारे एका माणसामागं किती देतात, ते सांग." तिनं सांगितलं. मंडळींनी रुपये केले. पुन्हा केले. फोन बंद.

मेहकरच्या वाटेवर गाडीतच बैठक भरली. ठराव असा, की पुढच्या वर्षी वेल्सचे म्हातारे इकडं आणायचे. फाट्यावर गाडी थांबवायची, उतरवायचंच! भाकरी-ठेचा वेगळा, मेंढरं पाह्यची वेगळी, मेंढरात रात्री मुक्काम त्याचे डबल. भजी तळायला ते वहिनींचे यजमान, बिनपगारी. धनगराला द्यायचे पैसेसुद्धा पाहुण्यांकडून, लेंडीखत आपलं.

मी म्हटलं, "आणि माहिती कोण सांगणार?"

"तुमीच की, गुरुजी."

माझा ऊर भरून आला. म्हटलं, "पण बायांनो, मला इंग्रजी फाडफाड येत नाही."

आजी म्हणाली, "मराठीतच सांगा. त्याहिले कळनार नाई, तं शेवटलोक ऐकतीन तरी!"

(गुरुजी कागदाची घडी घालून खिशात ठेवतात. बंद माइक उचलून तोंडाशी नेतात, अगदी हौसेनं.)

"वेल्समधून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, १८२३ साली..."

(विंगेतून गाणं जोरात सुरू होतं. अंधार.)