साहेबांचा मांडव

निवृत्त इंजिनियरला रिकामं परस दाखवू नये. आमच्या शेजारच्या साहेबांनी बांधकाम खात्यात 33 वर्षं पूल बांधले. घरी बसल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वहिनी सहज म्हणाल्या, "मधुमालती फार वाढलीय, तिला मांडव घाला." साहेबांना ऐकू आलं ते एवढंच, की काहीतरी बांधायचंय.

त्या दिवसापासून मांडवाचा पेर्गोला झाला. चार खांब, दोन तुळया, वर वासे. दुसरा कुणी सुताराला हाक मारून मोकळा झाला असता. साहेब लोड काढायला बसले. वेलीचं वजन, तेही भर पावसात निथळत्या, वाऱ्याचा जोर, आणि लाइव्ह लोड म्हणून वानरं. कोकणात बर्फ पडत नाही, वानरं पडतात. एकेक 15 किलोचं धरलं, टोळी 12 जणांची, झाले 180 किलो. "पण ती काय अलगद टेकतात? अचानक आलेला भार निदान दुप्पट धरायचा." म्हणजे 360. मी म्हटलं, सगळी वानरं एकाच तुळईच्या मधोमध कशाला बसतील? "डिझाइन वाईटात वाईट धरूनच करायचं असतं," साहेब म्हणाले. जावई पाहतानाही त्यांनी हेच केलं होतं.

खरं घोडं अडलं स्पॅनवर. गणपतीत मांडवाखाली पंगत बसवायचा वहिनींचा बेत. 10 फुटांत पाच पानं, 12 फुटांत सहा, आणि सहावं पान वन्संचं. साहेब 10 च्या वर जाईनात. तुळई तीच, फुटामागे भार तोच, तरी 10 चे 12 फूट केले की बाक दुपटीहून जास्त. तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. हे गणित त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं. वहिनींनी पान उलटून संकष्टी कधी आहे ते पाहिलं.

मग सुताराची परीक्षा झाली. "3 बाय 6 ची तुळई कशी ठेवशील?"

"उभी. आडवी ठेवली तर वाकेल ना, साहेब."

साहेबांनी वही काढली आणि उभी तुळई आडवीपेक्षा चौपट ताठ राहते हे अर्ध्या तासात सिद्ध केलं. सुतार शांतपणे ऐकत होता. रोज चालू होता. जुनी माणसं घर खणांत मोजत. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, वरच्या कड्यांना तेवढाच गाळा. साहेबांचा अख्खा उन्हाळा ज्या हिशेबात गेला, तो सुताराच्या पणजोबांनी मापातच मुरवून ठेवला होता. हे मी साहेबांना बोललो नाही. भिंतीला भिंत आहे.

शेवटी वखारीतून ऐनाचं लाकूड आलं. ते ओलं निघालं. ओल्या लाकडावर कायमचा भार टाकला तर बाक वर्षानुवर्षं वाढत जातो, म्हणून पट्ट्या घालून ते पडवीत वाळत रचलं. त्याला आता दोन पावसाळे झाले. चपला काढायला जागा नाही.

मधल्या काळात वहिनींनी गड्याकडून एका सकाळीत बांबूचा मांडव घालून घेतला. गाठी काथ्याच्या, हिशेब कसलाच नाही, गाळा 14 फूट. वेल चढली, वानरंही येऊन गेली. साहेब रोज सकाळी दोन टोकांना दोरी ताणून मधला बाक मोजतात आणि वहीत लिहितात. "सव्वातीन इंच! लांबीच्या 240 व्या भागाचा नियम लावला तर पाऊण इंचाच्या आत हवा. उद्या खाली येणार बघा हे." एवढं बजावून त्याच्याचखाली खुर्ची टाकून चहा घेतात.

गेल्या गणपतीत तिथे सात पानं मांडली होती. यजमान म्हणून साहेबांना मधलं पान दिलं, तर ते उठून कडेला खांबाशी जाऊन बसले. मधल्या पानावर मला बसवलं.