बेनामी काचेचे कुलशास्त्र

कोल्हापुरात काचसामानाचे दोनच वर्ग आढळतात: ज्याच्या बुडावर कारखान्याचे नाव आहे ते, आणि जे राजवाड्यातून आले ते. दुसरा वर्ग मोठा. नवा राजवाडा 1884 साली पुरा झाला. त्यानंतर 'महाराजांनी आजोबांना दिलेले' म्हणून पेठापेठांतल्या कपाटांत जेवढे सरबताचे पेले विराजमान झाले, तेवढे खरेच दिले असते तर दरबारी पाहुण्यांना ओंजळीने पाणी प्यावे लागले असते.

आजीचा शब्द हे या शास्त्रात दुय्यम प्रमाण. प्रत्यक्ष प्रमाण बुडाशी असते, म्हणून पेला आधी उपडा करावा. मधोमध खरबरीत वण किंवा घासून गुळगुळीत केलेला खळगा असेल, तर तो फुंकून घडवलेला, लोखंडी दांडीवरून तोडलेला. अंगावर उभ्या बारीक रेघा असतील तर साच्यातला. नक्षीवर बोट फिरवावे: चाकावर कापलेल्या नक्षीची धार बोटाला लागते, साच्यातली बोथट असते. टिचकी मारल्यावर शिसे घातलेली काच लांबवर निनादते. (टिचकी घरमालकिणीच्या देखत मारू नये.) वापराचे ओरखडे वाटेल तसे गेलेले असतात, सगळे एकाच दिशेने गेले असतील तर ते पॉलिश पेपरचे कर्तृत्व.

पिवळसर हिरव्या पेल्याचे प्रकरण निराळे. त्यात युरेनियम असू शकते. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडून खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा थोडा वेळ मागून घ्यावा. अंधारात पेला भडक हिरवा पेटला तर युरेनियम. नुसताच फिकट उजळला तर ते मँगनीजचेही काम असते. सराफ मागून 'लई भारी' म्हणतो, ते किमतीत धरू नये.

इतके सोपस्कार झाले की पुष्कळ विलायती पेल्यांची वंशावळ डळमळते. आपल्याकडेही काच होत होती: तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, तर कराडजवळ ओगलेवाडीचा, प्रभाकर कंदिलाचा, 1916 चा. पेला तिथला असू शकतो म्हटले की यजमानांचा चेहरा उतरतो; खरे तर छाती फुगायला हवी. अर्थात छाप नसेल तर ओगलेवाडीचे कूळही राजवाड्याइतकेच ऐकीव.

राहिला भाव. भंगारवाला काच किलोवर घेतो. जुन्या वस्तूंचा व्यापारी आधी सहाचा संच पुरा आहे का विचारतो. गोटी सोड्याची बाटली (हायरम कॉडचे पेटंट 1872 चे) धड मिळणे कठीण, कारण गोटीसाठी पोरांनी बाटल्या फोडल्या; तिला गिऱ्हाईक हमखास असते. वाटणीच्या दिवशी मात्र कुठलाच नियम चालत नाही. धाकट्या जाऊबाईंनी मागितला की तोच पेला तिप्पट मोलाचा होतो.

तरी निर्णय एकच: काठाचा टवका उडालेला असेल तर भाव पडतो, मग पेला कुणीही दिलेला असो.