आखणीकरांचं प्राग

परदेशातल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक गटात एक आखणीकर असतो. खरं आडनाव काहीही असो. जोडून सुट्टी आली की त्याचा आखणीकर होतो. आमचे आखणीकर बर्लिनला असतात. ईस्टरच्या सुट्टीत चार कुटुंबांनी प्रागला जायचं ठरलं, म्हणजे आम्ही ‘जाऊ या’ म्हणालो आणि ठरवलं आखणीकरांनी. ‘तुम्हीच बघा, आम्हाला काहीही चालेल,’ असं सगळ्यांनी ग्रुपवर लिहून अंग काढून घेतलं. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला काय काय चालत नाही, याचा स्वतंत्र रकाना आखणीकरांच्या एक्सेलमध्ये असतो.

त्या रकान्यात मालवणचा मित्र पहिला. ‘मासे कुठे चांगले मिळतात?’ हा त्याचा एकमेव प्रश्न. आखणीकरांनी त्याला नकाशा धाडला. चेक देशाला चारी बाजूंनी जमीन. मासा म्हणजे तळ्यातला कार्प, आणि त्याचा खरा मान नाताळात. मित्राने त्या दिवसापासून सहलीत रस घेणं सोडलं, पण पैसे भरले. शाकाहारी मंडळींसाठी ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, हे नाव आखणीकरांनी सगळ्यांकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. त्र्देल्निक नावाचं साखरेत घोळवलेलं गोल रोल मात्र यादीतून बाद. प्रागचा प्राचीन पदार्थ म्हणून ते गल्लोगल्ली विकतात, पण शहरात आलं अलीकडेच. आखणीकरांना गोड चालतं, खोटा इतिहास चालत नाही. पोरांना दोन्ही चाललं.

आखणीकरांची माहिती मात्र पक्की. बर्लिनहून प्रागला रेल्वेने जाताना डाव्या बाजूला बसायचं, कारण ड्रेस्डेननंतर एल्ब नदी त्या अंगाने दिसते. येताना उजवीकडे. त्यामुळे आमची सगळी आरक्षणं खिडकीसकट झालेली. प्रत्यक्षात नदी आली तेव्हा चारही कुटुंबं दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीत गुंतलेली होती. ‘अहो, नदी कुठे पळून जात नाही, आधी खाऊन घ्या,’ असं वहिनी म्हणाल्या. नदी पळत नसली तरी गाडी पळते, हे सांगायचा मोह आखणीकरांनी आवरला. संसारात त्यांनी तेवढं नियोजन केलेलं आहे.

प्रागच्या स्टेशनवर त्यांनी आम्हाला थोपवून धरलं. तिथलं 72 तासांचं तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारला की त्या मिनिटापासून सुरू होतं. सोमवारी परतीच्या गाडीसाठी ट्राम पकडायची 2 वाजून 15 मिनिटांनी. मग शुक्रवारी 2 वाजून 10 मिनिटांनी शिक्का मारून कसं चालेल? आठ मोठी माणसं, पाच पोरं आणि अकरा बॅगा यंत्रासमोर मनगटावरच्या काट्याकडे डोळे लावून उभ्या. शेजारचा एक चेक गृहस्थ हा कुठला धार्मिक विधी, अशा चेहऱ्याने बघून गेला.

पैशांचं खातंही त्यांच्याकडेच. तिथे युरो नव्हे, कोरुना चालतो. ‘शून्य टक्के कमिशन’ लिहिलेल्या दुकानाची पायरी चढायची नाही, कारण कापायचं ते दरातच कापलेलं असतं. एटीएमने ‘युरोत हिशेब करू का?’ विचारलं की ‘नको’ म्हणायचं. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आमच्यातल्या एकाने हॉटेलच्या स्वागतकक्षात ‘नाश्ता हवा का?’ या प्रश्नालाही बेधडक ‘नको’ म्हटलं.

चार्ल्स पुलावर आखणीकर भावुक झाले. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1357 सालच्या सातव्या महिन्याच्या 9 तारखेला पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी पायाचा दगड बसवला, असं सांगतात. 1-3-5-7-9-7-5-3-1, विषम अंक चढत जाऊन उतरतात. ‘मिनिटापर्यंत आखणारा राजा!’ आखणीकरांना साडेसहाशे वर्षांपूर्वीचा सख्खा भाऊ भेटला होता. ‘आणि पूल पुरा कधी झाला?’ मालवणकराने विचारलं. पंधरावं शतक उजाडल्यावर, हे आखणीकरांना ठाऊक होतं. त्यांनी फोटोची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळाला तक्त्यात एक मिनिट दिलं होतं. 1410 सालचं हे घड्याळ. तासाच्या ठोक्याला सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात, शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. चौकभर फोन वर गेले. त्या गर्दीत एकच माणूस घड्याळाकडे पाठ करून उभा होता. एका डोळ्याने आमचे खिसे आणि दुसऱ्याने स्वतःचं मनगट बघत. कोंबडा आरवताच ते म्हणाले, ‘चला.’

तक्ता कोसळला तो व्हेन्सेस्लास चौकात. तिथे 1929 साली उभी राहिलेली बाटाची काचेची उंच इमारत आहे. बाटा कंपनी 1894 मध्ये झ्लिन गावात निघाली, हे आखणीकरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि तिथेच फसले. ‘म्हणजे बाटा आपली नाही?’ वहिनी रस्त्यातच थांबल्या. शाळेची काळी बुटं, जूनमधला पहिला पाऊस, वडिलांनी अंगठा दाबून बघितलेलं माप, सगळं त्यांना एकदम आठवलं. खात्री करायला त्या आत गेल्या. मागोमाग बाकीच्या गेल्या. मग मालवणकरही गेला. दीड तासाने सगळे नवे बूट घालून बाहेर आले. तेवढ्या वेळात आखणीकरांनी फुटपाथवर उभ्याउभ्या किल्ला रविवारी ढकलला, रविवारचं संग्रहालय कापलं आणि जेवणाचं आरक्षण पुढे नेलं. त्या तीन दिवसांत मला ते सर्वांत आनंदी तिथेच दिसले. आखायला पुन्हा काहीतरी मिळालं होतं.

अशा माणसाला ‘जरा मोकळं फिरा हो’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. तेच लोक ट्राम चुकली की आधी त्याच्याकडे बघतात. म्हणून वाचकहो, तुमच्या गटात आखणीकर असेल तर त्याला खुशाल हसा, पण त्याच्याबरोबरच जा. मोकळा वेळ हवा असेल तर आठ दिवस आधी मागा. तो देतो. तक्त्यात तुमच्या नावापुढे दोन तास कोरे सोडतो. फक्त कारण लिहावं लागतं, आणि ‘काही नाही’ हे कारण धरत नाहीत.