नाना नाखवा

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर उभं राहिलं की चारही दिशांना ट्रक दिसतात, आणि पाणी दिसलंच तर ते टँकरमधलं. समुद्र तिथून तासाभराच्या रस्त्यावर. अशा गावात, आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, एक 22 फुटी शिडाची लाकडी होडी ठोकळ्यांवर उभी आहे. तिच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर नाना बसलेले असतात.

नाना मूळचे प्रकाशाचे. तीस वर्षं लूमच्या खात्यात गेली. पोहता येत नाही. डुमसच्या बाजूला एका खाडीच्या चिखलात ही होडी त्यांना दिसली. मालकानं फायबरची घेतली होती, ही तो जळणाच्या भावात काढायला निघाला होता. नानांना स्वस्त दिसलं की राहवत नाही. होडीपेक्षा ट्रेलरचं भाडं जास्त झालं, ते काकूंना अजून कळलेलं नाही.

"तापी आमच्या प्रकाशावरूनच सुरतेला आली, मी तिच्या मागोमाग," असं ते सांगतात. आता होडीत बसून उलट माहेरी जायचा बेत आहे. वाटेत उकाईचं धरण आहे आणि ते 1972 पासून तिथंच आहे, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं. "ते नंतर बघू भाऊ. आधी मिस्त्री पाहिजे."

मिस्त्री, तोही परवडणारा. गेली दोन वर्षं नाना हेच शोधताहेत. लग्नात, मयतीत, रेशनच्या रांगेत त्यांचा एकच प्रश्न: "ओळखीत कोणी सुतार आहे का? रोजाचं फार न बघणारा?"

पहिला आला तो मॉड्युलर किचनवाला. त्यानं टेप लावला, स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला आणि विचारलं, "अंकल, अंदर सनमाइका कौनसा लगाना है?" दुसरा हायवेवर ट्रकची बॉडी बांधणारा. त्याचा अंदाज सगळ्यांत कमी होता. फक्त नाळेवर 'हॉर्न प्लीज' लिहिण्याचे पैसे वेगळे. वेल्डर म्हणाला, पत्रा मारून देतो. नानांनी प्रत्येकाला चहा पाजला, आकडा वहीत लिहिला आणि "कळवतो" म्हटलं. वहीत आता एकोणीस आकडे आहेत.

खरा मिस्त्री एकदाच आला, बिलिमोऱ्याकडचा. सत्तरी ओलांडलेला, कानाला थोडा कमी. तरी होडीला कान लावूनच तपासली. लाकडी हातोडीनं एकेक फळी वाजवत गेला. टणटण आवाज आला की पुढे, भद्द आला की तिथं चाकूचं टोक खुपसायचा. चाकू रुतला की खडूनं फुली. पाऊण तासात अकरा फुल्या झाल्या. मग बूड चाचपून म्हणाला, "पठाण सारो छे." नाना दचकले, त्यांना वाटलं, कोणी वसुलीला आलं. पठाण म्हणजे होडीचा तळाचा कणा, आणि तो शाबूत होता. अकरा फळ्या बदलायच्या, त्याही वलसाडी सागाच्या. मग फटींत तेलातलं सूत ठोसायचं, वरून राळ. रोज 1500 रुपये, जेवण आणि गाडीभाडं.

"जेवण आमच्याकडचं घ्या, पण रोज आठशे करा," नाना म्हणाले. मिस्त्रीला नेमकं हेच ऐकू आलं नाही. चहा संपवून तो गेला.

त्या रात्री नानांनी खापर थेट लवजी नसरवानजी वाडियांवर फोडलं. "1736 साली हा माणूस सुरतेहून मुंबईला जहाजं बांधायला गेला. जाताना सुतारही घेऊन गेला. तेव्हापासून इथं धड मिस्त्री उरलाच नाही!" वाडियांच्या घराण्यानं मुंबईत सागाची बांधलेली 1817 ची त्रिंकोमाली अजून इंग्लंडात तरंगते आहे, हे मी सांगितलं. "तरंगणारच. त्यांना रोज इंग्रज देत होता."

शेवटी सूत आपणच ठोसायचं ठरलं. पण सूत आणायचं कुठून? अख्ख्या कडोदऱ्यात कापडाच्या गिरण्या, आणि सगळं पॉलिस्टर! फटीत कापसाचंच सूत लागतं. ते पाण्यानं फुगतं आणि फट धरून बसतं. पॉलिस्टर ढिम्म हलत नाही. मग नानांनी घरची गादी उसवली. खानदेशी कापूस, लग्नातला. काकू तेव्हापासून प्लॉटकडे बघत नाहीत.

मध्यंतरी आयएनएसव्ही कौंडिण्यची बातमी आली. अजिंठ्याच्या 5व्या शतकातल्या चित्रावरून बांधलेलं शिडाचं जहाज, मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. नाना दोन दिवस झोपले नाहीत. एक तर अजिंठा म्हणजे आपल्या शेजारचा. दुसरं म्हणजे शिवणकाम! सुरतेत शिवणकामाइतकं स्वस्त काय आहे? सकाळीच ते गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या ताईंकडे गेले. ताईंनी शांतपणे विचारलं, "ब्लाउजपीस आहे का सोबत?"

गेल्या पावसाळ्यात मात्र नानांचा दिवस आला. उन्हानं आकसलेल्या फळ्या आठवडाभराच्या झडीनं फुगल्या, गादीचं सूत फुगलं, फटी मिटल्या आणि होडी पाण्यानं काठोकाठ भरली. नानांनी सगळी सोसायटी गोळा केली. "बघा, थेंब गळत नाही!" पाणी आतलं बाहेर जात नाही, म्हणजे बाहेरचंही आत येणार नाही, असा त्यांचा हिशेब. तीन दिवसांनी डासांच्या अळ्या शोधणारी माणसं आली आणि काळं तेल ओतून गेली. नानांनी त्यांनाही विचारलं, ओळखीत कोणी मिस्त्री आहे का.

तेव्हा तुमच्या माहितीत कोणी असेल तर जरूर पाठवा. चार रस्त्यावर उतरून होडीवाले नाना म्हटलं की कोणीही घर दाखवेल. चहा नक्की मिळेल. रोजाचं तेवढं आधी ठरवून घ्यायला सांगा.