आकडा नको, पत्ता सांगा

जानेवारी उजाडला की पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींत एकच चौकशी सुरू होते : यंदा किती? वर्षभरात जास्तीत जास्त जातींचे रानपक्षी कॅमेऱ्यात आणायचे, हा छंद आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. छंद चांगला आहे. पोरं पहाटे उठतात, चालतात, गप्प बसायला शिकतात. माझं भांडण छंदाशी नाही. ‘किती’ सांगून झाल्यावर ‘कुठे?’ आणि ‘कधी?’ असं विचारलं की अनेकांची दातखीळ बसते, भांडण तिथे आहे. फोटो आहे, जागा आठवत नाही. पक्षी आहे, तारीख नाही. असा फोटो भिंतीवर लावावा, त्याला नोंद म्हणू नये.

आपल्या देशात हा डाव मोठा मांडला तो शशांक दळवी या मराठी पक्षी-अभ्यासकानं. २०१५ या एका वर्षात त्यांनी भारतभर फिरून १,१२८ जाती पाहिल्या. वाट चुकून एखाद्या वेळी आलेल्या पाहुण्यांसकट देशाची आजची यादी तेराशेच्या थोडी पुढे जाते. म्हणजे दहांतल्या आठ जाती एका वर्षात एका माणसानं पाहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेचा नोआ स्ट्रायकर ४१ देश फिरला आणि ६,०४२ जातींवर थांबला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या आर्यन ड्वार्शाइसनं तो आकडा ६,८०० च्या पलीकडे नेला. जगाचा विक्रम, आयुष्य एक वर्ष. आकड्याचं हे असंच असतं, दुसरा कोणी जास्त पैसा आणि जास्त विमानं घेऊन येतो.

पण दळवींचं नाव मी आकड्यासाठी घेतलेलं नाही. त्याआधी तीन वर्षं, ऑक्टोबर २०१२ मध्ये ते, बानो हरालू, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू नागालँडात दोयांग धरणाच्या काठी पांगती गावात गेले होते. आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे तिथे जाळ्यांत सापडत होते, सोलून विकले जात होते, तेही हजारांच्या संख्येनं. या मंडळींनी ते कॅमेऱ्यात घेतलं. जागा, दिवस, जाळी, वाहून नेणारी माणसं, सगळं नावानिशी जगापुढे ठेवलं. गावानं आणि सरकारनं मनावर घेतलं, आणि पुढच्या वर्षीच्या हंगामात तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. हेच ससाणे पुढे महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे जातात. त्या फोटोंना पत्ता होता, म्हणून ससाणे वाचले.

पत्ता खोटा असला तर काय होतं, तेही महाराष्ट्रानंच भोगलं आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणालाच दिसेना. लंडनच्या संग्रहालयात रिचर्ड माइनर्त्सहागेन या ब्रिटिश कर्नलच्या नावावर एक नमुना होता, त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी असं लिहिलेलं. तो नमुना त्यानं दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीनं शोध घेणाऱ्यांना कैक वर्षं भलत्या ठिकाणी फिरवलं. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रानपिंगळा सापडला. कुठे? आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. एक खोटा पत्ता इतका महाग पडतो. म्हणून भिगवणला काढलेला फोटो ‘आमच्या तलावावर’ म्हणून फिरवणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही, खोटारडा म्हणतो.

आता आपल्या निलंगा तालुक्याकडे या. लातूर जिल्ह्यात जंगल किती, तर क्षेत्राच्या एक टक्काही नाही. त्यामुळे इथल्या कॅमेरावाल्यांची समजूत झाली आहे की पक्षी पाहायचे तर बाहेर जायचं. हिमालयात सातताळला, भरतपूरला, दांडेलीला. घरापासून शेकडो किलोमीटरवर आधीच हजारो फोटो निघालेल्या पक्ष्याचा आणखी एक फोटो काढायचा, आणि आपल्या शिवारात ज्याचा एकही फोटो नाही त्याच्या डोक्यावरून मोटारसायकल न्यायची. हे मला पटत नाही.

कारण माळ रिकामा नसतो. हिवाळ्यात ज्वारी निसवली की भोरड्या येतात, हजारांचा थवा एका अंगानं वळतो. म्हाताऱ्यांनी त्यांच्यावर गोफणी चालवल्या आहेत. पण हीच भोरडी मध्य आशियातल्या विणीच्या गवताळ रानात टोळ फस्त करते, आणि आपल्याकडेही कणसाबरोबर अळ्या-किडे वेचते. त्याच दिवसांत गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये दिसतात. ते रात्री झाडावर नाही, माळावरच्या गवतात जमिनीवर बसतात. गवत गेलं की त्यांचा मुक्काम गेला. औराद शहाजानीच्या बाजूला तेरणा मांजरेला मिळते, मसलग्याला तलाव आहे, नद्यांवर बंधारे आहेत. पाणी असेल त्या वर्षी तिथे चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. त्याला निलंगा तालुका सापडतो, आपल्यालाच सापडत नाही.

उन्हाळा तर खास माळाचा. तेव्हाच नेमके कॅमेरे कपाटात जातात. माळटिटवी मार्च ते मे या दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतं. मुरमात एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आत मातकट, काळपट ठिपक्यांची चार अंडी. दोन पावलांवर उभं राहिलं तरी नजर त्यांच्यावरून घसरते. मे महिन्यात ऊन चाळिशीच्या वर जातं, तेव्हा टिटवी अंडी उबवायला बसत नाही, ती त्यांच्यावर सावली धरते. मधूनच पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येऊन ओल्या पोटानं अंडी गार करते. आता तिथे कॅमेरा घेऊन एक माणूस उभा करा. ती उठते, ओरडत घिरट्या घालते, आणि तो खूश होतो, कारण त्याला उडतानाचा फोटो मिळतो. अर्ध्या तासात ती अंडी उन्हात शिजतात. त्या माणसाच्या यादीत एक जात वाढली, माळावरची चार पिल्लं गेली. घरट्याचा फोटो यादीत धरायचा नाही, हा नियम प्रत्येकानं स्वतःला घालून घ्यावा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला झुडपाबाहेर काढणाऱ्यांनाही तोच. विणीच्या दिवसांत त्या पक्ष्याला वाटतं की हद्दीत वैरी शिरला. तो खाणं सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो.

पखुर्डीचं असंच एक नवल आहे. ती सकाळी थव्यानं पाण्यावर येते. नर पोटाची पिसं पाण्यात बुडवतो, ती पिसं पाणी धरून ठेवतात, आणि तो ते पाणी दूर माळावरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूर जिल्ह्यात असा पक्षी सापडला तर त्याच्यामागे वर्ष घालवायला काय हरकत आहे?

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, आफ्रिकेतून चातक येतो, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. हे फोटो कोणीही काढतो. मुद्दा पुढचा आहे : चातक यंदा कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारात पहिल्यांदा दिसला? पाऊस मागे-पुढे होतो तशी ती तारीख सरकते का? हे सांगायला दहा वर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या इथे राहणाराच करू शकतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा नाही.

जुन्या लोकांनी हे केलं होतं. कर्नल साइक्सनं दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये छापली. त्याच्या नावाचा शेंडीवाला चंडोल भारताबाहेर कुठेच नाही, आणि तो जंगलात नाही, असल्याच कोरड्या माळावर राहतो. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. निलंगा तेव्हा त्याच संस्थानात होता, बिदर जिल्ह्यात. त्या काळी पुरावा म्हणजे बंदुकीनं टिपलेला पक्षी. आज तुमच्या हातात जीव न घेता पुरावा धरणारं यंत्र आहे, फोटोत तारीख-वेळ आपोआप उमटते, मोबाइल जागा सांगतो. साधनं इतकी सोपी झाली आणि नोंद मात्र विरळ राहिली, याची मला खंत आहे.

नोंदींचं काय होतं, असं विचाराल. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल देशभरातल्या सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जाती तपासल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटल्या आहेत. गवताळ, उघड्या रानातल्या पक्ष्यांची तब्येत सगळ्यांत वाईट. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख आणि माळावर तुरुतुरु पळणारा धाविक, दोघांचाही धोक्याच्या यादीच्या दृष्टीनं फेरविचार करा, असं हा अहवाल सुचवतो. दोघंही आपल्या पठाराचे पक्षी. आपल्या भागात त्यांचं काय चाललंय, हे अहवालाला कळायचं तर नोंद इथून जायला हवी. ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर ती फुकट टाकता येते, दुर्मीळ पक्षी असेल तर जाणकार फोटो तपासतात, चुकलं असेल तर कळवतात.

म्हणून फोटो काढतानाच शहाणपण हवं. सुंदर एक नको, कामाचे तीन हवेत : पाठ, बाजू, शेपूट. चंडोल, तीरचिमण्या, वटवटे यांत नुसत्या देखण्या चेहऱ्यावरून जात ठरत नाही. तीरचिमणीला छातीवरच्या रेघा आणि मागच्या बोटाची नखी बघावी लागते. काही वटवटे तर फोटोवरून ठरतच नाहीत, आवाज लागतो. मग मोबाइलवर आवाज टिपा. आणि नाहीच ठरलं तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहा. यादीतला एक आकडा कमी झाल्यानं कोणी लहान होत नाही.

माझं म्हणणं असं की यंदाचं वर्ष तालुक्याच्या हद्दीत करा. इकडे औसा, तिकडे कर्नाटकची शीव, एवढ्यात. हद्द बांधली की माणूस त्याच माळावर बाराही महिने जातो, आणि बाराही महिने गेल्याशिवाय माळ कळत नाही. कोणत्या गायरानात भोवत्ये मुक्कामाला असतात, ते गायरान नांगरलं कधी, तिथे झाडं लावायला खड्डे पडले कधी, हे त्याच माणसाला कळतं. माळावर झाडं लावणं म्हणजे पुण्यच, असं आपल्याला शिकवलंय. पण गवतात राहणाऱ्या पक्ष्याला त्या झाडांचा उपयोग नाही. त्याचं घर मोडतं. सरकारी नकाशात गवताळ रान पडीक म्हणून रंगवलेलं असतं, आणि पडीक म्हटलं की ते कशालाही द्यायला सगळे मोकळे.

याला उत्तर कागदावरच द्यावं लागेल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली ती गावानं गावाबद्दल लिहावं म्हणून. तुमच्या गावची वही मागा. पक्ष्यांचं पान उघडा. तिथे कावळा-चिमणी-मोर एवढंच असेल, तर तुमचं वर्षभराचं काम तिथे उतरवा : जात, गट नंबर, तारीख, फोटो. उद्या ते गायरान कोणाला द्यायचा ठराव आला, तर ग्रामसभेत ‘इथे काही नाही’ असं कोणाला म्हणता येणार नाही.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकार २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. त्या आठवड्यात शाळेत फोटोंचं प्रदर्शन भरवा, जरूर भरवा. पण त्याच आठवड्यात एक दिवस ग्रामपंचायतीत जा, नोंदवही मागून घ्या आणि तुमच्या शिवारातले पक्षी तारखेसह त्यात लिहून या. लिहिताना आकडा शेवटी टाका, पत्ता आधी.