तहानेची नोटिफिकेशन

लातूरच्या आमच्या गच्चीवर सध्या तुळस सोडून सगळं ऑनलाइन आहे. कुंडीत ओलावा मोजणारा सेन्सर, ठिबकला टायमर, मोबाइलवर ॲप. परवा भर दुपारी ॲप किंचाळलं, 'तुमच्या टोमॅटोला तहान लागली आहे!' टायमरनं तत्परतेनं व्हॉल्व्ह उघडला. टाकी कोरडी ठणठणीत. नळ येणार शनिवारी. पण हे ॲपला कोण सांगणार? एप्रिल २०१६मध्ये ज्या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं (पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर), त्याला तहान कळवायला नोटिफिकेशन!

नांदेडच्या मेव्हण्यांचा टायमर गोदावरीच्या जिवावर तोऱ्यात असतो. मे महिन्यात विष्णुपुरी धरणाचा साठा खालावला की तेही आमच्या पंगतीला.

दोन महिन्यांत सेन्सरच्या दांड्या गंजल्या आणि त्याला पुरातही वाळवंट दिसू लागलं. आईनं पेरभर बोट मातीत खुपसलं. "ओल हाय की रे अजून. बोटाला चार्जिंग लागत न्हाई."

तिच्या कुंड्यांवर उसाचं पाचट, वर पाणी भरून उलटी टांगलेली सलाइनची जुनी बाटली. टायमर मी ठेवलाय. टाकी भरलेली असली तरच, पहाटे पाचला लावतो. सेन्सरची वायरही वाया गेली नाही. तिच्यावर दोडका चढलाय.